पायलट नसलेल्या विमानात आपण बसणार का?

२०२४ च्या हजच्या दिवसांत मक्केत एक नवेच वाहन उडाले. सौदी अरेबियाच्या वाहतूक मंत्र्यांच्या हस्ते त्याच्या चाचणीचा प्रारंभ झाला. ईहँग या चिनी कंपनीने बनवलेली ही हवाई टॅक्सी. विजेवर चालणारी, सोळा पंख्यांची, आत फक्त दोन माणसांची जागा. चालकाची जागा मात्र कुठेच नाही. कुठून उडायचे आणि कुठे उतरायचे ते आधी ठरवून दिलेले असते आणि जमिनीवरच्या कक्षातून तिच्यावर नजर ठेवली जाते. चीनच्या विमान वाहतूक खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये या वाहनाला प्रमाणपत्र दिलेले आहे. पुढेमागे मिना, अरफात, मुजदलिफा यांच्या दरम्यान हाजींची ने-आण करावी, तातडीच्या रुग्णाला किंवा औषधांना झटकन पोहोचवावे, असा सौदी सरकारचा विचार आहे.

ही चित्रफीत त्या वेळी अनेक घरांत मोबाइलवर फिरली. आमच्या परिचयाच्या एका घरी ती पाहत असताना नातवाने दादीला छेडले, "दादी, पुढच्या वेळी तुम्ही यातूनच अरफातला जा!" दादी म्हणाल्या, "मी पायी जाईन बेटा." नातू ऐकेना. "दुबईत चाचांकडे गेला होतात तेव्हा मेट्रोत बसलात की! तिला तरी कुठे ड्रायव्हर होता?" दादींनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मेट्रो बिघडली तर जागेवर उभी राहते. हे कुठे उभे राहणार?"

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी परतताना लक्षात आले की विमानशास्त्राचे मोठमोठे अभ्यासक ज्या प्रश्नाभोवती फिरत आहेत, तोच दादींनी एका वाक्यात विचारला होता. दुबईची मेट्रो सप्टेंबर २००९ मध्ये सुरू झाली, ती पहिल्यापासून चालकाविना. कोकणातली, मराठवाड्यातली आपली कितीतरी मुले रोज तिने कामावर जातात. दिल्लीतही डिसेंबर २०२० पासून चालकाविना मेट्रो धावते. कोणी घाबरत नाही. पण आगगाडीत काही बिनसले की थांबणे हाच सुरक्षित उपाय असतो. विमानाला हवेत थांबण्याची सोय नाही. बिघाड झाल्यावरही ते उडवत राहावे लागते, जागा शोधावी लागते आणि उतरवावे लागते. म्हणून मेट्रोचे उदाहरण विमानाला लावता येत नाही, आणि ते लावणाऱ्या जाहिराती आल्या तर आपण सावध राहिलेले बरे.

आजही विमान चालवतो कोण?

अनेकांना वाटते की पायलट सुकाणू धरून जेद्द्यापर्यंत बसून असतो. तसे नसते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान ऑटोपायलटकडे सोपवले जाते आणि प्रवासाचा बहुतेक भाग तोच पार पाडतो. ही गोष्ट आजची नाही. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या तरुणाने आपल्या विमानात फिरत्या चक्राचे यंत्र बसवून, दोन्ही हात वर करून ते उडवून दाखवले होते. त्याचा मदतनीस तर चक्क पंखावर चालत गेला. १९६५ च्या जून महिन्यात ट्रायडंट जातीचे प्रवासी विमान लंडनच्या विमानतळावर यंत्राच्या साहाय्याने उतरले. आत भाडे भरून बसलेले प्रवासी होते. आज दिल्लीच्या हिवाळ्यात दाट धुके पडते तेव्हा अशीच स्वयंचलित उतरण्याची पद्धत वापरली जाते. एअरबस कंपनीने तर डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे कॅमेऱ्यांच्या 'नजरे'वर मोठे विमान आपोआप वर उचलून दाखवले.

मग पायलट करतो काय? उड्डाण आणि बहुतेक वेळा उतरणे तो हातानेच करतो. वाटेतले ढग टाळतो, इंधनाचा हिशेब ठेवतो, नियंत्रण कक्षाशी बोलतो, एखाद्या प्रवाशाच्या छातीत दुखू लागले तर मस्कतला उतरायचे की मुंबईपर्यंत जायचे हे ठरवतो. आणि यंत्र म्हणते ते खरे आहे की नाही, हे पाहतो. यातले शेवटचे काम बाहेरच्याला दिसत नाही.

आता कंपन्यांचा हिशेब पाहा. यूबीएस या स्विस बँकेने २०१७ मध्ये असा अंदाज मांडला की वैमानिकाविना विमाने उडाली तर या उद्योगाचे वर्षाला ३५ अब्ज डॉलरहून अधिक वाचतील. त्याच वेळी बँकेने सुमारे ८ हजार लोकांना विचारले, तुम्ही अशा विमानात बसाल का? ५४ टक्के लोकांनी बसणे कठीणच असे सांगितले. बसू म्हणणारे १७ टक्केच निघाले. तरुणांमध्ये तयारी अधिक होती. तिकीट स्वस्त मिळाले तरी नको, असे म्हणणारेही निम्मे होते. हे उत्तर देणारे लोक प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले होते, म्हणजे ज्यांना नाही म्हणण्याची ऐपत आहे असे. या मुद्द्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

माणूस चुकतो तेव्हा

यंत्राची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. त्यासाठी दूर जायला नको. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून मंगळूरला आलेले विमान आठवा. १६६ जण होते. सुट्टीवर घरी येणारे कामगार, बायका, तान्ही मुले. डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून विमान पुढे निसटले, दरीत कोसळले आणि पेटले. १५८ जण गेले. आठ वाचले.

चौकशीत जे बाहेर आले ते वाचताना अंगावर काटा येतो. प्रवासाचा बराच वेळ कप्तान झोपलेला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या घोरण्याचा आवाज आहे. जाग आल्यावर त्याने विमान फार उंचावरून, घाईघाईने खाली आणले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाऊ या, असे तीनदा सुचवले. धोक्याचा इशारा देणारे यंत्रही ओरडत होते. कप्तानाने दोघांचेही ऐकले नाही, आणि सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही.

मोठ्यांपुढे कसे बोलावे, हा संकोच आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. अब्बा गाडी चालवताना पेंगत असले तरी मुलगा मागून फक्त खाकरतो. कॉकपिटमध्ये याच संकोचाची किंमत १५८ जिवांनी दिली. ऑगस्ट २०२० मध्ये कालिकतला भर पावसात झालेल्या अपघाताची कहाणीही बरीचशी अशीच. ते विमानही दुबईहूनच आलेले, धावपट्टीही टेकडीवरची. सहवैमानिकाने पुन्हा वर जाऊ या म्हटले, तरी विमान उतरवले गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले. यंत्राला झोप येत नाही, त्याला ज्येष्ठाची भीड नसते. दोन्ही वेळा यंत्राच्या हाती निर्णय असता तर विमान कदाचित पुन्हा वर गेले असते, हे मान्य करावे लागते.

याहून भयंकर उदाहरण २४ मार्च २०१५ चे. जर्मनविंग्ज कंपनीच्या विमानात सहवैमानिकाने कप्तानाला कॉकपिटबाहेर ठेवून दार बंद केले आणि विमान फ्रान्सच्या डोंगरावर जाणूनबुजून आदळवले. १५० जण गेले. पुढे बसलेल्यालाही आपला जीव प्यारा असतो, म्हणून तो आपलाही सांभाळेल, हा प्रवाशाचा सर्वांत जुना आधार. तोसुद्धा त्या दिवशी खोटा ठरला.

आणि यंत्र चुकते तेव्हा

आता दुसरी बाजू. २८ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियातील लायन एअरचे नवेकोरे बोइंग विमान बालीहून जकार्ताला निघाले. उडताच त्याचे नाक आपोआप खाली झुकू लागले. विमानाचा वर-खाली कल मोजणाऱ्या दोन सेन्सरांपैकी एक चुकीची माहिती देत होता आणि संगणकातील एक प्रणाली त्या एकट्यावर विश्वास ठेवून, विमान फार वर झुकले आहे असे समजून, नाक खाली दाबत होती. ही प्रणाली विमानात आहे हेच वैमानिकांना सांगितलेले नव्हते. त्या रात्री कॉकपिटमध्ये दोघांखेरीज आणखी एक वैमानिक बसलेला होता. खटपट करता करता त्यांनी नाक दाबणारी मोटर स्विचने बंद केली, हाताने विमान सांभाळले आणि सगळे सुखरूप जकार्ताला उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांना घेऊन उडाले. कप्तान दिल्लीचा तरुण होता. बिघाड तोच. या वेळी तो स्विच कोणाला सुचला नाही आणि काही मिनिटांत विमान समुद्रात गेले. १८९ जण. पुढच्या मार्चमध्ये इथिओपियात त्याच जातीचे दुसरे विमान याच कारणाने कोसळले, तेव्हा १५७. मग कुठे जगभर ती विमाने जमिनीवर बसवली गेली.

आम्हाला यातली पहिली रात्र महत्त्वाची वाटते. तिची फारशी चर्चा होत नाही, कारण त्या रात्री कोणी मेले नाही. एकाच विमानात, एकाच बिघाडात, आत बसलेल्या माणसांनी यंत्राचे ऐकायचे नाकारले म्हणून सगळे प्रवासी घरी पोहोचले. २००८ मध्ये सिंगापूरहून पर्थला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या विमानातही संगणकाने खोट्या आकड्यांवर विसंबून दोनदा नाक खाली खेचले होते. शंभरावर लोक जखमी झाले, पण वैमानिकांनी विमान जवळच्या तळावर उतरवले. यंत्र लावणारे आपल्याला नेहमी माणसाने केलेल्या चुका मोजून दाखवतात. माणसाने वाचवलेली विमाने मोजणे अवघड असते. त्यांची बातमी होत नाही, प्रवासी सामान घेऊन निघून जातात.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की आजच्या घडीला सर्वांत सुरक्षित विमान ते, ज्यात यंत्र माणसाला टोकते आणि माणूस यंत्राला. मंगळूरला यंत्राने टोकले, माणसाने ऐकले नाही. जकार्ताच्या दुसऱ्या सकाळी यंत्र ऐकेना. दोघांपैकी एकाला काढून टाकले की टोकणाराच गेला. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, लांबच्या प्रवासात काही वेळ एकच वैमानिक ठेवता येईल का, याचा अभ्यास करवला. २०२५ मध्ये निष्कर्ष आला की आजच्या कॉकपिटमध्ये दोघांइतकी सुरक्षितता एकाने मिळेल असे दाखवता येत नाही. दोनाचा एक करायला तज्ज्ञ तयार नाहीत, तर एकाचा शून्य करायला अजून बराच अवकाश आहे. छोटी मालवाहू विमाने मात्र अमेरिकेत माणसाविना उडवून पाहिली गेली आहेत. माल आधी, माणसे मागून, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

भरवसा कोणावर?

इथे काही जण म्हणतील, मरण लिहिलेले आहे, मग पायलट असला काय आणि नसला काय! असे बोलणाऱ्यांना तवक्कुल कळलेलेच नाही. आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्या मुलांना मदरशाच्या पहिल्या वर्षातच मिळते. प्रवासाची दुआ पढून आपण सीटचा पट्टाही बांधतोच.

पण उंट बांधणे म्हणजे नेमके काय, हे विमानाच्या बाबतीत विचार करायला लावणारे आहे. आपण तिकीट काढतो तेव्हा आपला जीव कोणाच्या तरी अमानतीत देतो. अमानत सांभाळणारा कोणीतरी असावा लागतो, ज्याला विचारता येईल, पकडता येईल. या संदर्भात हाजींच्याच एका सफरीची हकीकत सांगण्यासारखी आहे.

१८८० च्या जुलैमध्ये 'जेद्दा' नावाचे जहाज सिंगापूरहून निघाले. पिनांगलाही थांबले. मलाया आणि आसपासच्या बेटांवरचे साडेनऊशेच्या आसपास हाजी त्यावर होते, बायकामुलांसह. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात जहाजाचे बॉयलर खिळखिळे झाले आणि पाणी आत येऊ लागले. ८ ऑगस्टला इंग्रज कप्तान आणि त्याचे बहुतेक युरोपीय अधिकारी होडीत बसून निघून गेले. साडेनऊशे माणसे मागे राहिली, कप्तानाविना. कप्तानाला दुसऱ्या जहाजाने उचलून एडनला नेले. तिथे त्याने सांगून टाकले की जहाज बुडाले, हाजीही गेले. आणि दुसऱ्याच दिवशी 'जेद्दा' एडनच्या बंदरात आले! वाटेत भेटलेल्या 'अँटेनॉर' या जहाजाने ते ओढत आणले होते. हाजी जिवंत होते. चौकशी होऊन कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी काढून घेतला गेला. एवढ्या मोठ्या विश्वासघाताला तीन वर्षे फार थोडी, असेच आम्हाला वाटते. पण निदान एक माणूस होता, त्याचे नाव होते, त्याला समोर उभे करता आले.

कप्तानच नसलेल्या विमानात कोणाला उभे करणार? ज्याने संगणकाची आज्ञावली लिहिली त्याला, सेन्सर बनवणाऱ्या कारखान्याला, जमिनीवरच्या कक्षात बसून एकाच वेळी अनेक विमानांवर नजर ठेवणाऱ्याला, की प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी खात्याला? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. मंगळूरच्या अपघातात कप्तानाची चूक चौकशीत स्पष्ट नोंदली गेली होती, तरीही एका मृताच्या कुटुंबाला भरपाईसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावे लागले आणि निकाल २०२० मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी लागला. जिथे चूक कोणाची हेच ठरायचे नाही, तिथे रत्नागिरीच्या एखाद्या विधवेने किती वर्षे तारखा मोजायच्या?

आता त्या मागे ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. पाहणीत लोक म्हणतात, आम्ही बसणार नाही. आपल्यापैकी किती जणांना असे म्हणता येते? दोन वर्षांनी महिनाभराची सुट्टी मिळालेला पोरगा तिकीट निवडताना एकच रकाना पाहतो, किमतीचा. पहाटे तीनला सुटणारे, सामान कमी नेऊ देणारे, जेवण न देणारे विमान तो हौसेने निवडत नाही. उद्या वैमानिकाविना उडणारे विमान चार हजारांनी स्वस्त मिळाले तर तो त्यात बसेल. बहिणीच्या लग्नाला पोहोचायचे आहे, किंवा अम्मी दवाखान्यात आहे. आणि मग कंपन्या आकडे दाखवतील की पाहा, अमुक लाख प्रवाशांनी या विमानांवर विश्वास दाखवला. तो विश्वास नसेल, मजबुरी असेल. वरच्या दर्जाच्या प्रवाशांना दोन वैमानिकांचे विमान आणि आखातातल्या मजुरांना संगणकाचे, अशी वाटणी होऊ नये, एवढी भीती आम्हाला वाटते. यंत्राच्या बिघाडापेक्षाही जास्त वाटते.

म्हणून हे तंत्रज्ञान येण्याआधीच काही गोष्टी मागून ठेवल्या पाहिजेत. विमानात किती वैमानिक आहेत हे तिकिटावर किमतीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलेले असावे; मराठीतही असावे. अपघात झाल्यास नुकसानभरपाई कोण देणार, त्या एका कंपनीचे नाव तिकिटावर असावे, म्हणजे वारसांना दारोदार फिरावे लागणार नाही. उमरा आणि हजच्या टूरवाल्यांनी बुकिंग करतानाच हे सांगावे. विमानतळावर पोहोचल्यावर कळले तर वृद्ध माणूस परत कुठे फिरणार? आमच्या मुस्लिम संघटना हजच्या कोट्याविषयी, विमानभाड्याविषयी निवेदने देतात, ते योग्यच आहे. त्या निवेदनांत ही एक ओळ आत्तापासून घालायला काय हरकत आहे?

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. मिनाच्या गर्दीत हृदयविकाराचा झटका आलेल्या हाजीला मोटारीत घालून नेताना जो वेळ जातो, तो आपल्या कित्येक घरांनी सोसलेला आहे. त्या ठिकाणी दोन आसनांचे हे वाहन काही मिनिटांत दवाखान्यात पोहोचवत असेल तर आम्ही त्याचे स्वागतच करू. दुसऱ्या आसनावर एक डॉक्टर बसेल. तो बसायला तयार असेल तर रुग्णाच्या घरच्यांनाही धीर येईल.

दादींना आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा हे सगळे सांगितले. मंगळूरची हकीकत ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारले, "त्या सहवैमानिकाला आई होती का?"